लो यांचा कुंचला आणि सत्ताधीशांचा राग

नोव्हेंबर १९३७ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळातील एक ज्येष्ठ सदस्य लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला गेले. सांगायला निमित्त बर्लिनमधील शिकारविषयक प्रदर्शनाचे होते. खरा हेतू हिटलरची प्रत्यक्ष भेट घेऊन दोन देशांमधील तणाव निवळतो का, ते पाहण्याचा होता. भारतीय वाचकांना हे गृहस्थ दुसऱ्या नावाने परिचित आहेत. १९३१ मध्ये गांधीजींशी करार करणारे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ते हेच. ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, गमावलेल्या वसाहती असे गंभीर विषय या दौऱ्यात चर्चेला आले. त्यांच्या जोडीने आणखी एक तक्रार जर्मन राज्यकर्त्यांनी आवर्जून मांडली. लंडनच्या एका सायंदैनिकात येणारी व्यंगचित्रे त्यांना असह्य झाली होती. प्रचारमंत्री गोबेल्सने ब्रिटिश वृत्तपत्रांविषयी गाऱ्हाणे मांडले आणि त्यात एका व्यंगचित्रकाराचे नाव ठळक होते: डेव्हिड लो.

ज्या राजवटीने स्वतःच्या देशातील प्रत्येक छापखान्यावर ताबा मिळवला होता, विरोधकांना छळछावण्यांत डांबले होते आणि जी युरोपचा नकाशा बदलण्याच्या तयारीत होती, तिला परक्या देशातील वीतभर शाईचे चित्र सहन होत नव्हते. आणि त्या चित्राची दखल दोन देशांच्या संबंधांचा प्रश्न म्हणून घ्यावी, असे एका लोकशाही देशाच्या मंत्र्यालाही वाटले. लो यांच्या आयुष्यातील हा प्रसंग आजही वाचण्यासारखा आहे. आपली टिंगल करणारे चित्र समोर आल्यावर राज्यकर्त्याने काय करावे, या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे या एकाच माणसाच्या चरित्रात सापडतात. काही उत्तरे शहाणपणाची आहेत, काही भित्री आहेत आणि काही क्रूर.

डनेडिन ते सिडनी

डेव्हिड अलेक्झांडर सेसिल लो यांचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजी न्यूझीलंडमधील डनेडिन येथे झाला. घराण्यात स्कॉटिश आणि आयरिश दोन्ही रक्ते होती. थोरल्या भावाचा अकाली मृत्यू झाला तेव्हा अतिअभ्यासाने मुलाची प्रकृती ढासळली, अशी आईवडिलांची समजूत झाली आणि त्यांनी डेव्हिडला लवकरच शाळेतून काढले. त्यामुळे त्यांचे औपचारिक शिक्षण तोकडेच राहिले. शिक्षणाची भूक भागवली ती इंग्लंडहून येणाऱ्या चित्रमय साप्ताहिकांनी आणि ‘पंच’च्या जुन्या अंकांनी. चार्ल्स कीन आणि फिल मे या चित्रकारांच्या रेषा गिरवत हा मुलगा क्राइस्टचर्चमध्ये वाढला. वयाच्या अकराव्या वर्षी त्याचे पहिले चित्र छापून आले आणि विशीत पाऊल टाकताना तो पूर्णवेळ व्यंगचित्रकार झालेला होता.

१९११ मध्ये लो सिडनीच्या ‘बुलेटिन’ या साप्ताहिकात दाखल झाले. ऑस्ट्रेलियातील राजकीय व्यंगचित्रांची ती पंढरीच होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना आपला पहिला मोठा नायक सापडला: पंतप्रधान बिली ह्यूज. ठेंगणे, कृश, कानाने अधू आणि जिभेने अत्यंत तिखट असे हे गृहस्थ. १९१६ मध्ये लो यांनी एक चित्र काढले. साम्राज्य परिषदेत ह्यूज हातवारे करीत आरडाओरडा करीत आहेत आणि ब्रिटनचे भारदस्त मंत्री जीव मुठीत धरून बसले आहेत, असे ते दृश्य होते. हे चित्र ऑस्ट्रेलियाभर गाजले. १९१८ मध्ये ह्यूज यांच्यावरील चित्रांचे ‘द बिली बुक’ हे पुस्तक निघाले आणि चांगले खपले.

युद्धकाळ होता. ह्यूज यांच्या सरकारच्या हाती सेन्सॉरशिपचे व्यापक अधिकार होते आणि सक्तीच्या सैन्यभरतीच्या वादात त्यांनी ते विरोधकांविरुद्ध वापरलेही. ह्यूज यांना लो यांची चित्रे मुळीच आवडत नसत. तरीही ‘द बिली बुक’ दुकानांत विकले जात राहिले. पंतप्रधानांचा राग वैयक्तिक पातळीवर राहिला. त्याचा सरकारी हुकूम झाला नाही. लो यांना राजकारणाचा पहिला धडा येथे मिळाला. चिडणे हा माणसाचा स्वभाव आहे. चिडून कायद्याचे हत्यार उचलणे हा मात्र निर्णय असतो, आणि त्याची जबाबदारी निर्णय घेणाऱ्यावर असते.

लंडन आणि एक अनपेक्षित वादळ

‘द बिली बुक’ची एक प्रत इंग्लंडमध्ये कादंबरीकार आर्नोल्ड बेनेट यांच्या हाती पडली. त्यांनी या अनोळखी वसाहतवासी चित्रकाराची शिफारस केली आणि चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅडबरी घराण्याच्या ‘स्टार’ या सायंदैनिकाने लो यांना बोलावून घेतले. १९१९ मध्ये ते लंडनला आले आणि मग तिथलेच झाले. पुढच्या वर्षी ऑकलंडच्या मॅडेलिन केनिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. उत्तर लंडनमध्ये त्यांचे घर आणि चित्रशाळा वसली.

परदेशात येऊन स्थिरावलेल्या माणसाला जो एक विशेष दृष्टिकोन लाभतो, तो लो यांना पुरेपूर लाभला होता. इंग्लंडची भाषा त्यांची स्वतःची होती, पण इंग्लंडची भीड त्यांच्या अंगी मुरलेली नव्हती. कोणत्या घराण्याचा कोणता वंशज कोणत्या शाळेत शिकला, याचे दडपण त्यांच्यावर नव्हते. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या संमिश्र सरकारसाठी त्यांनी दोन तोंडांचे गाढव निर्माण केले. दोन्ही तोंडे विरुद्ध दिशांना ओढणारी आणि चालायला पाय मात्र तेवढेच. एका चित्राने जे सांगितले ते सांगायला अग्रलेख लिहिणाऱ्याला दोन रकाने लागले असते.

याच काळात, ऑगस्ट १९२५ मध्ये, लो यांच्या हातून असे एक चित्र उतरले, ज्याचा हेतू राजकीय नव्हताच. क्रिकेटपटू जॅक हॉब्ज यांनी डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्या १२६ शतकांच्या विक्रमाची बरोबरी करून तो मोडला होता आणि सारे इंग्लंड हॉब्जमय झाले होते. या वेडाची थट्टा करण्यासाठी लो यांनी इतिहासातील थोरांच्या पुतळ्यांची रांग काढली आणि त्यांच्यामध्ये हॉब्ज यांचा पुतळा सर्वांहून प्रचंड दाखवला. त्या रांगेत ज्युलियस सीझर होता, कोलंबस होता, चार्ली चॅप्लिन होता आणि पैगंबर महंमदही होते. लंडनमधील अहमदिया पंथीयांनी निषेध नोंदवला. पाठोपाठ कोलकात्याहून मुस्लिम समाजाच्या संतापाच्या बातम्या आल्या. लो यांना आपण कुणाच्या श्रद्धेला धक्का देत आहोत याची कल्पनाही नव्हती. ज्यांनी ते चित्र पाहिले, त्यांना मात्र तो धक्का खराच बसला होता.

लो यांच्या चरित्रातील हा प्रसंग पुष्कळदा विनोदी किस्सा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो त्यांच्या साऱ्या कारकिर्दीकडे पाहण्याची किल्ली आहे. पंतप्रधान ह्यूज दुखावले गेले तेव्हा दुखावणारा दुर्बळ होता आणि दुखावला गेलेला सत्ताधीश होता. कोलकात्यात दुखावले गेले ते सामान्य श्रद्धाळू. ते साम्राज्याची प्रजा होते आणि साम्राज्याच्या राजधानीतील वृत्तपत्रावर त्यांचा काडीचाही अधिकार नव्हता. दोन्ही ठिकाणी शाई तीच होती आणि कुंचलाही तोच. परंतु दोन्ही दुःखांना एकाच मापाने मोजता येत नाही. जो नेता या दोहोंतला फरक विसरतो, तो एक तर स्वतःच्या अहंकाराला लोकभावनेचे नाव देतो, किंवा खऱ्या लोकभावनेला क्षुल्लक म्हणून उडवून लावतो.

मालकाचीच थट्टा

१९२७ मध्ये लो ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये गेले. हे पत्र लॉर्ड बीव्हरब्रूक या धनाढ्य, महत्त्वाकांक्षी आणि साम्राज्यवादी वृत्तपत्रसम्राटाचे. लो स्वतः डाव्या, उदारमतवादी विचारांचे. जाण्यापूर्वी त्यांनी करारात लिहून घेतले की चित्राचा विषय आणि आशय त्यांचाच राहील. बीव्हरब्रूक यांनी ते मान्य केले. लो यांनी मग बीव्हरब्रूक यांनाच खुजा, रुंद जिवणीचा, खोडकर बुटका म्हणून रंगवायला सुरुवात केली. मालकाच्या पैशाने, मालकाच्या पत्रात, मालकाच्या धोरणाची रोज खिल्ली उडू लागली. हे स्वातंत्र्य सर्वस्वी निरंकुश नव्हते. संपादकांनी अडवून ठेवलेली आणि कधीच न छापली गेलेली चित्रेही होती. तरी त्या काळात एवढी मोकळीक दुसऱ्या कुणाला क्वचितच मिळाली असेल.

तक्रारदारही कमी नव्हते. लॉर्ड बर्कनहेड हे १९२४ ते १९२८ या काळात भारतमंत्री होते. भारतीयांनी सर्वमान्य राज्यघटना तयार करून दाखवावी, असे आव्हान देणारे आणि त्यातूनच अप्रत्यक्षपणे नेहरू अहवालाला जन्म देणारे ते हेच बर्कनहेड. त्यांना लो यांनी काढलेली स्वतःची चित्रे विषासारखी वाटत. त्यांनी आपले मित्र बीव्हरब्रूक यांच्याकडे कडवट शब्दांत तक्रार केली. चित्रे थांबली नाहीत. ज्यांनी एका खंडप्राय देशाच्या लायकीविषयी तुच्छतेने बोलावे, त्यांना स्वतःच्या प्रतिमेवरची एक वाकडी रेष सोसवू नये, यातली विसंगती भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

याउलट विन्स्टन चर्चिल यांचे उदाहरण पाहावे. लो यांनी त्यांनाही सोडले नव्हते आणि साम्राज्याविषयीच्या लो यांच्या मतांनी चर्चिल संतापत. परंतु १९३१ मध्ये त्यांनी व्यंगचित्रांवर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. लो यांच्या राजकारणावर त्यांनी त्यात नापसंती दाखवली आणि त्याच लेखात आधुनिक व्यंगचित्रकारांतील श्रेष्ठत्वाचा मान लो यांनाच दिला. राजकारण्यांना या टिंगलीची हळूहळू सवय होते आणि पुढे चित्रे येईनाशी झाली की आपण विस्मृतीत गेलो की काय, अशी त्यांना चिंता वाटू लागते, असेही त्यांनी मोठ्या मिस्कीलपणे मांडले. त्यांना राग आला होता. त्यांनी तो लेखणीने व्यक्त केला, स्वतःच्या नावाने केला आणि वाचकांच्या समोर केला. चित्राला लेखाने दिलेले उत्तर ते असे.

१९३४ मध्ये लो यांनी आपले सर्वांत प्रसिद्ध पात्र जन्माला घातले: कर्नल ब्लिम्प. तुर्की स्नानगृहात टॉवेल गुंडाळून बसलेला, वॉलरससारख्या मिशांचा, गोल पोटाचा हा निवृत्त लष्करी अधिकारी प्रत्येक विषयावर ठाम आणि परस्परविरोधी मते देई. हिंदुस्थानला काही देऊ नये, कामगारांना डोक्यावर बसवू नये, हुकूमशहांशी जुळवून घ्यावे, असे त्याचे तत्त्वज्ञान. ब्लिम्प कुणी एक माणूस नव्हता. म्हणूनच तो आपल्यावर बेतला आहे असे कुणी म्हणू शकत नव्हते, आणि आपल्यावर बेतलेला नाही याची खात्रीही कुणाला वाटत नव्हती. हा शब्द पुढे इंग्रजी शब्दकोशात गेला.

हुकूमशहा आणि हसू

हिटलर आणि लो यांचा संबंध मात्र एका विलक्षण वळणाने सुरू झाला. सत्तेवर येण्यापूर्वी, १९३० च्या सुमारास, हिटलरला लो यांची चित्रे आवडत असल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचला होता आणि एक मूळ चित्र त्यांनी एका कलावंताकडून दुसऱ्या कलावंताला म्हणून पाठवलेही होते, असे लो यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. ब्रिटिश लोकशाहीतील पुढाऱ्यांची टर उडवणारा हा माणूस लोकशाहीचाच वैरी असणार, असा हिटलरचा ग्रह झालेला दिसतो. एखाद्याने आपल्या विरोधकांची थट्टा केली की तो आपला मित्र, हा गैरसमज राजकारणात आजही जिवंत आहे.

१९३३ मध्ये जर्मनीतील लोकशाही संपली आणि त्याच वर्षी राष्ट्रसंघाचा अवमान करणाऱ्या हिटलरवर लो यांची चित्रे येऊ लागली. ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’वर जर्मनीत बंदी आली. मुसोलिनीच्या इटलीनेही तोच मार्ग पत्करला. लो यांनी या काळात एक मर्म ओळखले होते. हुकूमशहाला रक्तपिपासू राक्षस म्हणून रंगवले तर तो मनातून सुखावतो, कारण राक्षसाची लोकांना भीती वाटते आणि भीती हेच त्याचे भांडवल असते. त्याला मूर्ख, फुगलेला, रडका, हास्यास्पद माणूस म्हणून दाखवले की त्याचा पाया हलतो. म्हणून लो यांचा हिटलर बहुधा रक्ताळलेला नसे. तो खुळा असे. बर्लिनला झोंबले ते हेच.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. हॅलिफॅक्स जर्मनीहून परतले आणि त्यांनी ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’चे व्यवस्थापक मायकेल वॉर्डेल यांच्याशी संपर्क साधला. वॉर्डेल यांच्यामार्फत लो यांची आणि हॅलिफॅक्स यांची खासगी भेट ठरली. हॅलिफॅक्स यांनी धमकी दिली नाही. कायद्याचा बडगा दाखवला नाही. ते अत्यंत सौम्य आणि सभ्य होते. या चित्रांमुळे हिटलर भडकतो, शांततेच्या प्रयत्नांत अडथळा येतो, तेव्हा थोडे सबुरीने घेता येईल का, एवढेच त्यांचे सांगणे होते.

लो पेचात पडले. ज्या माणसाला बंदी घालून कुणी गप्प करू शकले नसते, त्याच्यासमोर युद्ध आणि शांतता यांचा तराजू ठेवण्यात आला होता. आपल्या एका रेषेमुळे उद्या माणसे मरणार असतील तर, हा प्रश्न कोणत्याही विवेकी कलावंताला निरुत्तर करणाराच. त्यांनी हात आखडता घेतला. हिटलर आणि मुसोलिनी यांना नावाने रंगवण्याऐवजी दोघांचे चेहरे मिसळून ‘मझलर’ नावाचा एक काल्पनिक हुकूमशहा त्यांनी तयार केला. काही महिने हे असेच चालले. मग १२ मार्च १९३८ रोजी जर्मन सैन्य ऑस्ट्रियात घुसले. दिलेल्या सवलतीने काहीही वाचले नव्हते. लो यांनी मझलरला निरोप दिला आणि खरा चेहरा पुन्हा कागदावर आणला.

हे तीन-चार महिने लो यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड म्हणावे लागतील. हॅलिफॅक्स दुष्ट नव्हते. युद्ध टाळावे ही त्यांची इच्छा प्रामाणिक होती आणि १९१४ ते १९१८ चा संहार पाहिलेल्या पिढीला ती शोभणारीही होती. चूक त्यांच्या मार्गात होती. परक्या राज्यकर्त्याच्या रुसव्याची कावड त्यांनी स्वदेशातील चित्रकाराच्या दारापर्यंत वाहिली. गोबेल्सला तिथल्या तिथे उत्तर देता आले असते. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रे सरकारच्या मालकीची नाहीत आणि व्यंगचित्र हे मंत्रिमंडळाचे निवेदन नव्हे, एवढे सांगून विषय संपवता आला असता. त्याऐवजी त्यांनी विनंती केली. आणि बंद दाराआडून केलेली विनंती बंदीहून अधिक धोकादायक असते, कारण तिची नोंद कुठे होत नाही. बंदीविरुद्ध न्यायालयात जाता येते, सभा घेता येते, निदान लोकांना कळते की काहीतरी झाकले गेले आहे. सभ्य कुजबुजीनंतर वाचकांना केवळ एवढेच दिसते की चित्रे जरा मवाळ झाली आहेत.

युद्ध, ब्लिम्प आणि पंतप्रधान

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. लो यांनी हिटलर आणि स्टालिन यांना पोलंडच्या मृतदेहापाशी परस्परांना लवून अभिवादन करताना दाखवले. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांमधून हे चित्र आजही भेटते. मे १९४० मध्ये चर्चिल पंतप्रधान झाले तेव्हा बाह्या सरसावून पुढे निघालेले चर्चिल आणि त्यांच्या मागोमाग निघालेले सर्व पक्षांचे नेते, असे चित्र त्याच लो यांनी काढले. जूनमध्ये फ्रान्स कोसळल्यावर, खवळलेल्या समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून आकाशाकडे मूठ उगारणारा एकटा ब्रिटिश सैनिक त्यांनी रेखाटला. ज्या चित्रकाराला देशहितासाठी आवर घालण्याची गरज अडीच वर्षांपूर्वी भासली होती, त्याच्याच चित्रांमधून आता देशाला स्वतःचे धैर्य दिसू लागले.

चर्चिल यांचीही कसोटी पुढे लागली. १९४३ मध्ये मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांनी कर्नल ब्लिम्पवर चित्रपट काढला. युद्ध ऐन भरात असताना ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची थट्टा होणार, या कल्पनेने चर्चिल खवळले. १९३१ मध्ये लेखणीने उत्तर देणारे चर्चिल या वेळी सत्तेवर होते. चित्रपट थांबवता येईल का, याची त्यांनी चाचपणी केली. युद्ध खात्याने निर्मात्यांना सहकार्य नाकारले. लॉरेन्स ऑलिव्हिए यांना प्रमुख भूमिकेसाठी नौदलातून मोकळे करण्यात आले नाही. चित्रपट तरीही पूर्ण झाला आणि प्रदर्शित झाला. परदेशी पाठवण्यात मात्र काही काळ अडथळे आणले गेले. या विरोधाची चर्चा झाली आणि लोकांची उत्सुकता वाढली. प्रत्यक्ष पडद्यावरचा ब्लिम्प तर विलक्षण माणुसकीचा, करुण आणि लोभस निघाला. जे पाहिले नव्हते, त्यावरच पंतप्रधान रागावले होते.

हा प्रसंग चर्चिल यांच्या मोठेपणाला बाध आणत नाही. पण एक गोष्ट शिकवतो. विनोदबुद्धी ही विरोधी बाकावर बसलेल्या नेत्याची परीक्षा नव्हे. हाती अधिकार असताना ती टिकते का, ही खरी परीक्षा. आणि त्यातही चर्चिल यांचे राज्य व हिटलरचे राज्य यांतले अंतर मोजायचे तर एवढे पुरे आहे: पंतप्रधानांची इच्छा नसतानाही लंडनच्या चित्रपटगृहात ब्लिम्प झळकला.

दुसऱ्या बाजूचे उत्तर युद्धानंतर उजेडात आले. ब्रिटन जिंकल्यावर तत्काळ पकडावयाच्या व्यक्तींची यादी नाझींनी तयार ठेवली होती. तीत लो यांचे नाव होते. १९४६ मध्ये न्युरेंबर्गच्या न्यायालयात लो स्वतः हजर राहिले आणि ज्यांनी त्यांना पकडायचे ठरवले होते, त्या राजवटीच्या म्होरक्यांना आरोपींच्या पिंजऱ्यात बसलेले पाहून त्यांनी रेखाटले. हिटलर आणि गोबेल्स तेथे नव्हते. दोघांनीही त्यापूर्वीच आत्महत्या केली होती.

अखेरची वर्षे आणि मराठी धागा

१९५० मध्ये लो ‘डेली हेरल्ड’मध्ये आणि १९५३ मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये गेले. अखेरपर्यंत ते तिथेच होते. १९५६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ज्या व्यवस्थेची त्यांनी चार दशके टर उडवली, तिने १९६२ मध्ये त्यांना सर ही पदवी दिली. १९ सप्टेंबर १९६३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा वारसा आपल्यापर्यंत थेट पोहोचला आहे. मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये एकाच काळी काम केलेले दोन तरुण लो यांना गुरुस्थानी मानत. एक आर. के. लक्ष्मण; लहानपणी लो यांची सही नीट न कळल्याने ते ती इंग्रजीत गाय अशी वाचत, हा किस्सा त्यांनीच सांगितला आहे. दुसरे बाळ ठाकरे. १९६० मध्ये ठाकरे बंधूंनी ‘मार्मिक’ काढले, तेव्हा त्याचे प्रकाशन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. आपल्यावर कोरडे ओढू शकेल अशा साप्ताहिकाच्या जन्माला राज्यकर्त्याने पाहुणा म्हणून जावे, ही महाराष्ट्राच्या राजकीय संस्कृतीतील एक देखणी घटना होती. त्याआधी १९४८ मध्ये दिल्लीत शंकर यांच्या साप्ताहिकाचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले होते आणि आपल्यालाही सोडू नका, असे शंकर यांना बजावले होते.

पुढचा काळ इतका मोकळा राहिला नाही. २०१२ मध्ये मुंबईत एका तरुण व्यंगचित्रकाराला राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली आणि टीका झाल्यावर सरकारला ते कलम मागे घ्यावे लागले. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. राज्यघटनेच्या कामाची गती दाखवणाऱ्या त्या चित्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोगलगायीवर बसलेले होते आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू होते. अनेक दलित नागरिकांना त्या चाबकात शतकांचा अपमान दिसला आणि ते दुःख कृत्रिम नव्हते. पुण्यात पुस्तकाशी संबंधित एका प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. राज्यकर्त्यांनी चित्र काढून टाकण्याचा सोपा मार्ग निवडला. दुःख ऐकून घेणे, चित्राचा काळ आणि संदर्भ समजावून सांगणे, मोडतोड करणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत रोखणे, ही तिन्ही कामे मागे पडली.

डेन्मार्कमध्ये २००५ साली पैगंबरांची १२ व्यंगचित्रे छापली गेली, तेव्हा उलट टोक दिसले. ११ मुस्लिम देशांच्या राजदूतांनी पंतप्रधानांची भेट मागितली. पंतप्रधानांनी ती नाकारली. वृत्तपत्राला शिक्षा करण्याचा आपल्याला अधिकार नाही, ही त्यांची भूमिका योग्यच होती. परंतु भेटून तेच सांगता आले असते. ऐकून घेतल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्य तसूभरही कमी होत नाही. पुढे २००६ च्या आरंभी दमास्कस आणि बैरूत येथे डॅनिश दूतावासांच्या इमारती पेटल्या. त्या हिंसेची जबाबदारी हिंसा करणाऱ्यांचीच. तरी एक दार उघडे ठेवता आले असते, हे शल्य उरते.

आपण परदेशी राहणारी मराठी माणसे या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना उभी असतो. ज्या देशात काम करतो, तिथल्या वृत्तपत्रात आपल्या देवाधर्माचे वा देशाचे विडंबन आले की आपण कोलकात्यातल्या त्या वाचकांच्या जागी असतो. आणि मायदेशी कुणाला एखाद्या चित्रासाठी अटक झाली की आपण लो यांच्या बाजूने बोलतो. दोन्ही भावना खऱ्या आहेत. लो यांचे आयुष्य त्यांतली एक ओळखून वागण्याची रीत दाखवते. स्वतःच्या अपमानासाठी राज्यकर्त्याने राज्याचे कोणतेही साधन वापरू नये. पोलिस नको, बंदी नको आणि बंद दाराआडची गोड विनंतीही नको. उत्तर द्यावेसे वाटले तर चर्चिल यांच्या निबंधासारखे उघड द्यावे. अपमान लोकांच्या श्रद्धेचा वा आत्मसन्मानाचा असेल तर त्यांना भेटावे, त्यांचे म्हणणे ऐकावे, असहमतीही जाहीरपणे सांगावी आणि चित्रकाराच्या जिवाला धक्का लागू देऊ नये.

लो यांनी ज्यांची चित्रे काढली, त्यांपैकी बहुतेकांची नावे आज सामान्य वाचकाला आठवत नाहीत. बर्कनहेड कोण, ह्यूज कोण, हे शोधावे लागते. ज्या चित्रांवर ते रागावले होते, त्याच चित्रांमुळे त्यांचे चेहरे अजून ओळखू येतात.